आधी सावली मोजा, मग सबसिडी

घरावरच्या सोलरबद्दल प्रश्न पाठवा, असं संपादकांनी मागच्या अंकात आवाहन केलं आणि तुमची पत्रं, व्हॉट्सॲपवरचे निरोप, बिलांचे आणि गच्च्यांचे फोटो असं भरपूर माझ्याकडे आलं. नव्या वाचकांसाठी सांगते, मी तंत्रनिकेतनात विद्युत विभागात शिकवत होते. निवृत्तीनंतर सांगली-मिरज भागात ओळखीपाळखीतल्या लोकांच्या गच्च्या बघून सल्ला देते. काही विकत नाही, कुणाची एजन्सी माझ्याकडे नाही.

आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक प्रश्न सबसिडीचे आहेत, तेव्हा ते आधीच उरकते. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' आणली. त्यात घरगुती ग्राहकाला पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला 18,000 रुपये मिळतात. म्हणजे 1 किलोवॅटला 30, 2 ला 60 आणि 3 ला 78 हजार. त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा बसवा, रक्कम 78 हजारांवरच थांबते. पॅनल भारतात बनलेले हवेत, आणि नुसती जोडणी इथे होऊन चालत नाही, आतले सेलसुद्धा भारतातलेच लागतात. काम पूर्ण होऊन नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसला आणि तपासणी झाली की पैसे थेट तुमच्या बँक खात्यात येतात. कुणी 'सबसिडी आमच्या खात्यावर घेतो' म्हणत असेल तर त्याला हात जोडा.

आता गच्चीकडे वळू. पंचवीस वर्षं डोक्यावर राहणारी ही वस्तू. तिच्याबद्दल पैशांचा प्रश्न सगळे विचारतात, सावलीचा, अर्थिंगचा, वाऱ्याचा क्वचितच कुणी विचारतं. म्हणून आज मी तीच पत्रं मुद्दाम निवडली आहेत.

प्रश्न : ताई, आमचा नाशिकला बंगला आहे. घरात चार माणसं. बिल एरवी दोन-सव्वादोन हजार येतं, एप्रिल-मेमध्ये साडेतीन हजारांवर जातं. एक कंपनीवाले 5 किलोवॅट बसवा म्हणतात, 'जास्तीची वीज विकून पैसे मिळतील' असं सांगतात. दुसरे 3 म्हणतात. काय करू? (एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : तुम्ही बिलांचे फोटो पाठवलेत हे फार चांगलं केलंत. मी रुपये बाजूला ठेवून युनिट बघितले. एरवी महिन्याला 200 ते 220 आणि उन्हाळ्यात 300 च्या आसपास, म्हणजे वर्षाला 2,800 च्या आगेमागे तुमची गरज. महाराष्ट्रात 1 किलोवॅटचं छत वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला 4 युनिटच्या जवळपास देतं. पावसाळ्यात त्याच्या निम्मं, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. वर्षाचे साधारण 1,400 युनिट धरा. मग 2 किलोवॅटमध्ये तुमचं आजचं घर भागतं.

आता पुढचं जरा शांतपणे वाचा, कारण विक्रेते ही बाजू सांगत नाहीत. आपल्याकडे विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या 100 युनिटना वहन आकार धरून 6 रुपयांच्या आसपास, 101 ते 300 या टप्प्याला 11 रुपयांच्या वर, पुढे आणखी. सोलर बसवल्यावर ग्रिडमधून, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यातून, घेतलेल्या युनिटांतून तुम्ही दिलेले युनिट वजा होतात आणि उरलेल्यांचं बिल येतं. ही वजाबाकी वरच्या महाग टप्प्यापासून सुरू होते. तुमच्या 210 युनिटांतले 110 महाग आहेत. पहिला किलोवॅट नेमके तेच उडवतो. दुसरा किलोवॅट उरलेले 100 युनिट खातो, ते निम्म्या दराचे. तिसऱ्याला तुमच्या घरी आज कामच नाही. त्याची वीज ग्रिडमध्ये जमा होईल, महिन्यामागून महिना पुढे सरकेल, आणि 31 मार्चला आर्थिक वर्ष संपताना जे शिल्लक असेल त्याचा हिशोब होईल. त्या शिलकीला मिळणारा दर तुम्ही वीज घेता त्या दरापेक्षा खूपच कमी असतो. 'वीज विकून पैसे' हे घरगुती ग्राहकाने डोक्यातून काढून टाकावं. ही यंत्रणा बिल वाचवण्यासाठी आहे.

तरीही तुमच्यासाठी मी 3 किलोवॅटला सरळ नाही म्हणणार नाही. पत्रात मुलाला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचीय आणि वरच्या खोलीत एसी बसवायचा आहे असं लिहिलंय. येत्या वर्षभरात हे खरंच होणार असेल तर 3 घ्या, तिसऱ्यावरही 18 हजार मिळतातच. नुसता विचार असेल तर 2 घ्या, पण इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) आणि स्ट्रक्चर (पॅनल धरणारा सांगाडा) पुढे दोन पॅनल वाढवता येतील असं करून घ्या, आणि ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. 5 किलोवॅट मात्र नको. शेवटच्या 2 किलोवॅटवर एक रुपया अनुदान नाही आणि त्यांची वीज तुम्ही वापरणार नाही.

आणि बिल 'शून्य' होत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो.

प्रश्न : मॅडम, आमच्या घरावर गेल्या वर्षी 3 किलोवॅट बसवलं. पावसाळ्यात लाईट गेली तर भरदुपारी ऊन असतानाही घरात अंधार. शेजारी म्हणतात आम्हाला फसवलं. खरं का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : फसवलं नाही, पण आधी सांगितलं नाही, आणि तेवढ्यानेही माणूस दुखावतो. तुमचा इन्व्हर्टर ग्रिडला जोडलेला आहे. समोरून 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ येतंय तोवरच तो चालतो. ग्रिड गेली की क्षणात स्वतःला बंद करतो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. कल्पना करा, तुमच्या गल्लीत तार तुटली आहे, लाइनमनने वरून पुरवठा बंद केलाय आणि तो खांबावर चढलाय. अशा वेळी तुमच्या छतावरून त्या तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. हे संरक्षण कुणी 'थोडी सेटिंग करून' काढून देतो म्हणाला तर त्याला गच्चीवर पाय ठेवू देऊ नका.

लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तो ग्रिडपासून स्वतःला पूर्ण तोडून घेतो आणि फक्त घराला वीज देतो. बॅटरीसाठी वेगळं अनुदान नाही. तुमच्याकडे दिवसाला तास-दोन तास लाईट जात असेल तर एवढा खर्च करू नका, घरातला जुना इन्व्हर्टर-बॅटरीचा संच पंखे-दिव्यांना पुरेल. पण कोकणात हा हिशोब वेगळा होऊ शकतो हेही मान्य करते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे विजेविना काढले. तुमच्या घरी आजारी माणूस असेल, विहिरीच्या पंपावर सगळं अवलंबून असेल, तर हायब्रिडचा विचार करा. फ्रिज, दोन खोल्यांचे दिवे-पंखे आणि मोबाइल यांचं एक वेगळं सर्किट काढून तेवढंच बॅटरीवर ठेवा. अख्खं घर बॅटरीवर टाकायचा हट्ट धरला की बजेट दुप्पट होतं. पंपाचं म्हणाल तर मोटर सुरू होताना कितीतरी पट जास्त करंट ओढते, त्यामुळे तो जोडायचा असेल तर इन्व्हर्टर त्या हिशोबाने निवडावा लागेल.

एक आणखी. चिपळूणचं घर आहे, तर स्ट्रक्चरला गंज कितपत चढलाय ते या उन्हाळ्यात बघून घ्या. गरम जस्तात बुडवून काढलेलं लोखंड आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट असतील तर खाऱ्या दमट हवेत टिकतं. नुसता चंदेरी रंग मारलेला अँगल दोन-तीन पावसाळ्यांत फुगतो. गच्ची वापरता यावी म्हणून बरेचजण आठ-दहा फूट उंच मांडव उभारतात. त्याखाली वारा शिरला की तो पॅनलना खालून वर उचलतो. असा मांडव असेल तर पायाचे बोल्ट स्लॅबमध्ये कसे धरलेत, तिरपे आधार आहेत का, हे एखाद्या बांधकाम अभियंत्याला दाखवा. सोलरवाल्याचा शब्द इथे पुरेसा नाही.

प्रश्न : सोलर बंब आणि सोलर पॅनल एकच का? बंब असेल तर सबसिडी मिळते का? (एक आजोबा, वाई)

उत्तर : नाही आजोबा. बंबात उन्हाने थेट पाणी तापतं, पॅनलमध्ये उजेडापासून वीज तयार होते. वर सांगितलेली योजना फक्त विजेच्या पॅनलसाठी आहे. बंब चांगला चालत असेल तर तो काढू नका, तो आहे म्हणून तुमची गिझरची वीज वाचते आणि पॅनल कमी लागतात. फक्त त्याच्या टाकीची सावली पॅनलवर पडणार नाही अशी जागा ठरवा.

प्रश्न : आमची पुण्यात 48 फ्लॅटची सोसायटी आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्याचे दिवे यांचं बिल खूप येतं. सोलर बसवायचं म्हटलं की वरच्या मजल्यावरचे सभासद म्हणतात, गच्ची आमच्या डोक्यावर आहे, गळती झाली तर कोण बघणार. पार्किंगमध्ये गाडी चार्ज करण्याची सोयही करायची आहे. मी सेक्रेटरी आहे. कुठून सुरुवात करू? (पुणे)

उत्तर : सुरुवात वरच्या मजल्यावरच्यांपासून करा. त्यांची भीती खोटी नाही. वॉटरप्रूफिंग केलेल्या स्लॅबमध्ये ड्रिल मारून बोल्ट ठोकले की दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या छताला ओल येते, हे मी स्वतः पाहिलंय. यावर उपाय असा की गच्चीवर सिमेंटचे ठोकळे ओतून त्यात खांब धरायचे, स्लॅबला हात लावायचा नाही. त्या ठोकळ्यांचं वजन इमारत पेलेल का हे संरचना अभियंत्याकडून लिहून घ्या. त्याआधी सध्याची गळती असेल तर ती दुरुस्त करा, कारण एकदा पॅनल चढले की त्याखाली वॉटरप्रूफिंग करणं फार जिकिरीचं. एवढं सर्वसाधारण सभेत कागदावर दाखवलंत तर विरोध निम्मा होतो. ठराव मंजूर झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, गच्ची सगळ्यांची आहे.

पैशांचं असं की सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे, त्यात गाड्यांचं चार्जिंगही येतं. यंत्रणा सामाईक मीटरवर जोडायची. लिफ्ट दिवसरात्र चालते, पण पाण्याचे पंप कधी चालवायचे ते तुमच्या हातात असतं. वॉचमनला सांगून वरच्या टाक्या सकाळी 6 ऐवजी 11 वाजता भरायला लावा. वीज तयार होते त्याच वेळी वापरली की ती मीटरमधून बाहेर जाऊन परत येण्याचा प्रश्नच राहत नाही, आणि उद्या नियम बदलले तरी तुमचं नुकसान होत नाही.

आता सावली. तुमच्या फोटोत दक्षिणेला कठडा आहे, लिफ्टची खोली आहे आणि पलीकडच्या प्लॉटवर नवीन टॉवरचं काम चाललेलं दिसतंय. सोलरवाले पाहणीला येतात ते मे महिन्यात, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सावली पायाशी. खरी परीक्षा डिसेंबरची. पुण्यात 21 डिसेंबरला ऐन माध्यान्हीला, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या सुमारास, 1 मीटर उंचीच्या कठड्याची सावली जवळपास 90 सेंटीमीटर पडते. त्याच दिवशी सकाळी 9 वाजता ती 2 मीटरच्या पुढे जाते. लिफ्टची खोली 3 मीटर असेल तर सकाळी 9 ला तिची सावली 6 मीटरपलीकडे पोचते. एवढी जागा सोडून मग किती पॅनल बसतात ते मोजा.

सावलीला मी इतकी का भिते, तेही सांगते. पॅनलमधले सेल माळेतल्या मण्यांसारखे एकामागे एक ओवलेले असतात. एका सेलवर सावली आली की सगळ्या माळेचा करंट तिथे अडतो. पॅनलमध्ये बायपास डायोड असतात, ते तेवढा भाग वगळून वाट काढून देतात, पण त्या भागाची वीज जाते ती जाते. झाकलेला सेल तापतोही, आणि वर्षानुवर्षं रोज तसंच होत राहिलं तर तिथे पॅनल करपतं. सुकत घातलेली एक चादर, डिश अँटेनाची एक काठी एवढी पुरे होते. जिथे सावली टाळताच येत नाही तिथे प्रत्येक पॅनलला वेगळा ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर लावता येतो. खर्च वाढतो, पण एका पॅनलचं दुखणं बाकीच्यांना लागत नाही.

शेजारचा टॉवर किती मजले होणार आहे, त्याची माहिती काढून मगच ठराव मांडा. मिळकतकरात सौर यंत्रणेसाठी पुणे महापालिकेची सवलत आहे, त्याचाही अर्ज करायला विसरू नका.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात 45 अंश तापमान असतं. एवढं ऊन असून वीज मार्चपेक्षा कमी झाली. पॅनल खराब निघाले का? (नागपूर)

उत्तर : पॅनल ठीक आहेत. त्यांना उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनलवर लिहिलेले 540 वॅट हे प्रयोगशाळेत सेलचं तापमान 25 अंश ठेवून मोजलेले असतात. नागपूरच्या मे महिन्यात तोच सेल 65 अंशांवर जातो. आजच्या पॅनलमध्ये 25 च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते. 40 अंशांचे झाले 14 टक्के. त्यात वळवाआधीची धूळ. पॅनल पत्र्याला चिकटवून बसवले असतील तर आणखी घट होते, खालून हवा खेळायला मोकळी जागा हवी. संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा पहाटे धुऊन बघा, फरक दिसेल. दुपारी तापलेल्या काचेवर बोअरचं गार पाणी ओतू नका, काच तडकू शकते. पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग पडतात, ते पुसून घ्या. वॉशिंग पावडर आणि तारेची घासणी नको.

प्रश्न : आम्ही सांगलीचेच. 2019 ला आणि 2021 ला आमच्या घरात पाणी शिरलं होतं. वरचा मजला वाचतो. सोलर बसवायला भीती वाटते. (गावभाग, सांगली)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी लगेच लिहायला बसले. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि ऑगस्ट 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना घाबरू नका असं मी म्हणणार नाही. पण सोलर तुम्ही बसवू शकता, काही गोष्टी आधीच नीट ठरवून.

आपल्याकडे इन्व्हर्टर जिन्याखाली, मीटरच्या शेजारी लावण्याची पद्धत आहे, कारण वायर कमी लागते. तुमच्या घरी तो तिथे लावायचा नाही. तो वरच्या मजल्यावर किंवा गच्चीच्या जिन्याच्या खोलीत, पाण्याच्या खुणेपेक्षा पुरेसा उंच. पॅनलकडून येणाऱ्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) वायरींचा बॉक्सही तिथेच. मीटर खालीच राहील, पण वरून खाली येणारी एसी वायर (घरात वापरतो त्या विजेची) वरच्या मजल्यावरच तोडता येईल असा मेन स्विच तिथे बसवून घ्या. पाणी चढू लागलं की बाकी सामान हलवण्याआधी हा स्विच आणि इन्व्हर्टरचा डीसी स्विच बंद करायचा. घरातल्या प्रत्येकाला, सासूबाईंनासुद्धा, तो कुठे आहे ते माहीत हवं. स्विचवर मराठीत ठळक लिहून ठेवा.

आणि हे प्रत्येक पूरग्रस्त भागातल्या वाचकाने लक्षात ठेवावं. महावितरणने पुरवठा बंद केला म्हणून पॅनल बंद होत नाहीत. उजेड आहे तोवर त्यांच्या वायरींमध्ये काहीशे व्होल्टचा डीसी दाब असतो. मेन स्विच पाडला तरी पॅनलपासून स्विचपर्यंतची वायर जिवंतच राहते. तिचं इन्सुलेशन फाटलेलं असेल आणि ती पाण्यात असेल तर हात लावू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका, बोटीतून आलेल्या माणसांनाही आधी सांगा. पाणी ओसरल्यावर इन्व्हर्टरमध्ये गाळ गेला असेल तर तो वाळवून सुरू करण्याचा प्रयत्न करायचा नाही. जाणकाराने तपासल्याशिवाय चालू नाही, मग दोन आठवडे वाट बघावी लागली तरी चालेल.

अर्थिंगसाठी तीन वेगळे खड्डे लागतात: एक डीसी बाजूचा, एक एसीचा, एक आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या काडीचा. पुरानंतर त्यांत गाळ भरतो आणि जोडणीचे बोल्ट गंजतात. दिवाळीच्या आधी एकदा अर्थिंगचा रोध मोजून घ्या. मोजायचं यंत्र असलेला वायरमन शोधावा लागेल, मला फोन केलात तर मी सांगेन. विम्याच्या कागदात घराबरोबर सोलरचा उल्लेख आणि किंमत घालून घ्या. बसवल्याबरोबर पॅनलच्या आणि इन्व्हर्टरच्या सीरियल नंबरांचे फोटो काढून मुलांना पाठवून ठेवा. कपाटातले कागद पुरात टिकत नाहीत हे तुम्हाला मी काय सांगू.

प्रश्न : आमच्या कॉलनीत आता बऱ्याच घरांवर सोलर झालंय. आमचा इन्व्हर्टर दुपारी ऐन उन्हात 12 ते 2 मध्ये मधूनमधून बंद पडतो, पडद्यावर 'ओव्हर व्होल्टेज' असं येतं. बसवणारा म्हणतो महावितरणचा दोष, महावितरणचे लोक म्हणतात सोलरवाल्याचा. (अमरावती)

उत्तर : हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी मला कुणी विचारला नसता. आता यापुढे तो गावोगावी येणार आहे. आपली गल्लीतली वाहिनी डीपीकडून (ट्रान्सफॉर्मरकडून) घराकडे वीज आणण्यासाठी बांधलेली. आता दुपारी माणसं ऑफिसात, घरं बंद, आणि पाच-दहा छतं एकाच वेळी उलट वीज ढकलतायत. ढकलायची तर इन्व्हर्टरला आपला दाब तारेपेक्षा किंचित जास्त ठेवावा लागतो. डीपीपासून जितकं लांब घर आणि जितकी बारीक तार, तितका तुमच्या टोकाला दाब चढतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो, आणि बरोबरच करतो, नाहीतर घरातल्या फ्रिज-टीव्हीला ते व्होल्टेज खावं लागेल.

दोष कुणाचा हे मोजून कळतं. एका स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी एकाच वेळी व्होल्टेज मोजायला लावा. इन्व्हर्टरपाशी बरंच जास्त आणि मीटरपाशी ठीक असेल तर तुमच्या घरातली वायर बारीक किंवा लांब आहे, बसवणाऱ्याने ती जाड करून द्यायची. मीटरपाशीच जास्त असेल तर ते वीज कंपनीचं काम. डीपीवर टॅप बदलून दाब खाली आणता येतो, फेजवरचा भार सारखा वाटता येतो, तार बदलता येते. तोंडी तक्रार करू नका. तारीख, वेळ, व्होल्टेजचा फोटो लावून शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि कॉलनीतल्या सोलरवाल्या सगळ्यांनी मिळून द्या. बसवणारा 'मर्यादा वाढवून देतो' म्हणेल. नको म्हणा. आणि तोवर वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर दुपारी 12 ते 2 मध्ये चालवा. छतावरची वीज घरातच मुरली की तारेवरचा दाब आपोआप कमी राहतो.

छतावरच्या सोलरच्या वाढीचे आकडे आपण कौतुकाने वाचतो. 2025 च्या सुरुवातीला देशाची एकूण सौर क्षमता 1 लाख मेगावॅटच्या पुढे गेली. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. मलाही त्याचा मनापासून आनंद आहे. पण छतं वाढतील त्या प्रमाणात डीपी आणि तारा सुधारल्या नाहीत तर तुमच्यासारखी पत्रं वाढत जातील. म्हणून तुमचा अर्ज गेलाच पाहिजे.

प्रश्न : शेतातल्या विहिरीच्या पंपासाठी याच योजनेतून मिळेल का? (मंगळवेढा)

उत्तर : नाही. पंपासाठी पीएम-कुसुम आणि राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. त्यात शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के.

प्रश्न : नमस्कार काकू. मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या सिंगापूरला. आईबाबांच्या घरावर सोलर बसवायचं आहे, पैसे मी देणार. मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, ते जाऊन बरीच वर्षं झाली. अर्ज माझ्या नावाने करू का?

उत्तर : नको बाळा. अर्ज वीज ग्राहक क्रमांकावर होतो आणि सबसिडी त्या ग्राहकाच्या बँक खात्यात येते. आजोबांच्या नावाने अर्ज केलास तर पुढे बँक खातं जुळणार नाही आणि सगळं तिथे अडकेल. आधी मीटर बाबांच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, वारसांची संमती आणि बाबांचं आधार कार्ड लागेल. थकबाकी असेल तर ती भरावी लागते. नाव बदलून नवीन नावाचं एक बिल हातात आलं की मग पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर बाबांच्या नावाने अर्ज. 10 किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला आता तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही, त्यामुळे मंजुरीसाठी पूर्वीसारखं खेटे घालावे लागत नाहीत.

तू लांब आहेस म्हणून तीन गोष्टी विशेष सांभाळ. बसवणाऱ्याला सगळे पैसे आगाऊ देऊ नकोस. शेवटचा हप्ता नेट मीटर बसून वीज मोजायला लागल्यावर दे. इन्व्हर्टरचं ॲप बाबांच्या फोनबरोबर तुझ्याही फोनवर घे, म्हणजे एखादा दिवस आलेख आडवा दिसला तर तुला तिथून कळेल. आणि साफसफाईसाठी महिन्याला ठरलेल्या पैशांवर माणूस लाव. तुझे बाबा सत्तरीचे आहेत असं लिहिलंयस, आणि फोटोत गच्चीवर जायला लोखंडी शिडी दिसते. ती शिडी चढून त्यांनी पॅनल पुसायचे नाहीत. शक्य झालं तर गच्चीच्या नळाला एक लांब पाइप आणि खालूनच चालवता येईल असा कॉक बसवून घे. इचलकरंजीच्या सूतगिरण्यांचा कापूस-धुरळा पॅनलवर बसतो, तेव्हा पावसाळा सोडून पंधरवड्यातून एकदा तरी पाणी मारावं लागेल.